उंदराचा मेंदू वाचला; गाठीचे काय?

वनस्पतीजन्य अँटिऑक्सिडंट केमोथेरपीपासून मेंदूला वाचवतात का, या विषयावरचे शोधनिबंध एकापाठोपाठ वाचत गेले तर बहुतेक एकाच साच्यातून निघाल्यासारखे वाटतात. निरोगी, तरुण उंदरांचे चार गट. एकाला नुसते सलाइन, दुसऱ्याला डॉक्सोरुबिसिन हे केमोचे औषध, तिसऱ्याला डॉक्सोरुबिसिनसोबत कुरक्युमिन, क्वेर्सेटिन, नॅरिंजिन किंवा एखाद्या पानाचा अर्क आणि चौथ्याला नुसता अर्क. काही दिवसांनी मेंदू काढून हिप्पोकॅम्पसची, म्हणजे स्मृतीशी निगडित भागाची, तपासणी होते. केमोमुळे चढलेले मॅलॉनडायअल्डिहाइड, म्हणजे मेदाच्या ऑक्सिडीकरणाची खूण, अर्कामुळे उतरलेले असते. घटलेले ग्लुटाथायोन, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आणि कॅटालेज हे पेशीचे रक्षक पुन्हा वर आलेले असतात. स्मरणशक्तीच्या चाचणीत पाण्याखाली दडवलेला चौथरा उंदराला लवकर सापडू लागलेला असतो. मग शेवटच्या परिच्छेदात ठरलेले वाक्य येते: केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांना हा पदार्थ उपयोगी पडू शकेल.

या सगळ्यात एक गोष्ट नसते, ती म्हणजे कर्करोग. उंदराच्या अंगात गाठच नसते. ज्यासाठी इतके जहाल औषध द्यायचे तेच प्रयोगातून वगळलेले असते. त्यामुळे मेंदू वाचला की नाही ते कळते, पण त्याच अर्काने गाठही वाचवली असती का, हे कळायची सोय राहत नाही. केमोत सुक्याबरोबर ओलेही जळते. अँटिऑक्सिडंट ओले वाचवायला पाणी शिंपडतो, पण ते पाणी सुक्यावर पडणार नाही याची हमी या प्रयोगांतून मिळत नाही. ती मिळेपर्यंत केमोच्या काळात अर्काच्या कॅप्सूल ‘मेंदूचे रक्षण’ म्हणून विकल्या जाऊ नयेत, कोणी सुचवूही नयेत. आणि सिद्धतेची जबाबदारी विकणाऱ्याने घ्यावी, ती रुग्णाच्या गळ्यात मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रुग्णांची तक्रार खरी आहे, हे मात्र आधी मान्य केले पाहिजे. शब्द ओठांवर येऊन अडकतो, वाचलेले पान डोक्यात राहत नाही, एका वेळी दोन कामे सांभाळता येत नाहीत. अशा तक्रारी ‘मनाचे खेळ’ म्हणून वर्षानुवर्षे झटकून टाकल्या गेल्या. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाच्या ५८१ रुग्णांची ३६४ निरोगी स्त्रियांशी तुलना केली होती. केमो संपताना ४५.२ टक्के रुग्णांनी आकलनशक्तीत लक्षणीय घट झाल्याचे सांगितले. निरोगी गटात हे प्रमाण १०.४ टक्के होते. सहा महिन्यांनंतरही ते अनुक्रमे ३६.५ आणि १३.६ टक्के होते. तरीही यातली प्रत्येक तक्रार ऑक्सिडीकरणाच्या खात्यावर टाकणे चुकीचे ठरेल. काही रुग्णांच्या चाचण्या केमो सुरू होण्याआधीच कमी भरतात. रक्तक्षय, मोडलेली झोप, नैराश्य, थायरॉइडचे बिघाड, अचानक आलेली रजोनिवृत्ती आणि मळमळ किंवा ॲलर्जीसाठी दिलेली गुंगी आणणारी औषधे, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो.

मेंदू ऑक्सिडीकरणाला हळवा असतो, यात वाद नाही. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या वेळी शरीर वापरते त्यातला सुमारे वीस टक्के ऑक्सिजन एकटा वापरतो. त्याच्या पेशींच्या आवरणांत बहुअसंतृप्त मेदाम्ले भरपूर असतात, लोहही असते आणि कॅटालेजसारखे संरक्षक विकर (एन्झाइम) यकृताच्या मानाने फारच कमी असते. कोड्यात टाकणारी गोष्ट पुढे आहे. डॉक्सोरुबिसिन रक्त-मेंदू अडसर (रक्तातले बरेच पदार्थ मेंदूत शिरू न देणारी भिंत) ओलांडून आत फारसे जातच नाही. मग मेंदूला इजा कशी होते?

याचे सर्वांत सुसंगत उत्तर केंटकी विद्यापीठातील संशोधनातून पुढे आले. डॉक्सोरुबिसिनच्या रेणूतला क्विनोन भाग इलेक्ट्रॉन उचलतो, ऑक्सिजनला देतो आणि पुन्हा मूळ रूपात येतो. हे चक्र फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचे नासधूस करणारे रूप तयार होते. हे रक्तात घडते तेव्हा तिथली प्रथिने ऑक्सिडाइज होतात, विशेषतः ॲपोलायपोप्रोटीन ए-१. त्यातून मॅक्रोफेज पेशी टीएनएफ-अल्फा हा दाहकारक संदेशवाहक सोडू लागतात. हा संदेशवाहक मेंदूत पोहोचतो आणि तिथे नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती वाढवतो. मायटोकॉन्ड्रियातील मँगनीजयुक्त सुपरऑक्साइड डिस्म्युटेजवर नायट्रेशन होऊन ते विकर निकामी होते. इथून पुढे मेंदूतली ठिणगी मेंदूतच पेटत राहते. सिस्प्लॅटिन या दुसऱ्या केमो-औषधाचा मार्ग वेगळा आहे: ते थेट डीएनएला, त्यातही मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएला चिकटते. मेथोट्रेक्सेट तर फोलेटचा व्यवहार अडवते. उंदरांत असे दिसले आहे की त्यामुळे आधी मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशी, चेकाळतात आणि मग मज्जावेष्टन बनवणाऱ्या पेशींची वाढ खुंटते.

या तपशिलातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही जाहिरातीला गैरसोयीच्या आहेत. पहिली, सगळ्या केमोला एकच अँटिऑक्सिडंट लागू पडण्याचे कारण नाही. दुसरी अधिक महत्त्वाची. डॉक्सोरुबिसिनची इजा रक्तात सुरू होत असेल तर तिला रक्तातच रोखावे लागेल, आणि त्याच रक्तातून औषध गाठीकडे निघालेले असते. म्हणजे रक्षण करणारा पदार्थ आणि औषध यांची गाठभेट अटळ आहे.

त्यात वनस्पतीतील पॉलिफिनॉल, म्हणजे कुरक्युमिन, क्वेर्सेटिन यांसारखे पदार्थ, शरीरात मुक्त मूलके (सुपरऑक्साइडसारखे उतावीळ रेणू) ‘टिपत’ फिरतात, ही कल्पनाही बरीचशी परीक्षानळीतली आहे. पोटातून घेतल्यावर आतडे आणि यकृत त्यांना ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट जोडतात. रक्तात मूळ रेणूचे प्रमाण सहसा मायक्रोमोलच्या आतच राहते. पदार्थाची अँटिऑक्सिडंट क्षमता परीक्षानळीत मोजणाऱ्या ओआरएसी आकड्यांचा मानवी आरोग्याशी संबंध लावता येत नाही, म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने आपला तक्ता २०१२ साली संकेतस्थळावरून काढून टाकला. हे पदार्थ शरीरात काही करत असतील तर ते मुख्यतः पेशीतला एनआरएफ-२ नावाचा नियंत्रक जागा करून. तो जागा झाला की पेशी ग्लुटाथायोन आणि विषहारक विकरे जास्त बनवते. चेतापेशीला हे हवेच असते, पण गाठीतल्या पेशीलाही तेच हवे असते. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत एनआरएफ-२चा लगाम असलेल्या कीप-१ या प्रथिनाच्या जनुकात बिघाड झालेला असतो आणि त्या गाठी केमोला सहज दाद देत नाहीत. सिस्प्लॅटिनच्या बाबतीत तर ग्लुटाथायोन त्या रेणूलाच चिकटून त्याला निष्प्रभ करते.

इथे विरुद्ध टोकाला जाण्याचाही मोह होतो, तो टाळायला हवा. ‘केमो मुक्त मूलकांनीच मारते, म्हणून प्रत्येक अँटिऑक्सिडंट केमो पाडतो’ हे विधानही कच्चे आहे. डॉक्सोरुबिसिन गाठीला मारते ते मुख्यतः टोपोआयसोमरेज-२ या विकराला डीएनएवर अडकवून ठेवून. त्यात मुक्त मूलकांचा वाटा किती, यावर अजून एकमत नाही. पेशींवरच्या प्रयोगांत कुरक्युमिनने काही ठिकाणी केमोचा मारा वाढवला. उलट २००२ साली ‘कॅन्सर रिसर्च’मध्ये आलेल्या कामात स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना त्यानेच डॉक्सोरुबिसिन आणि कॅम्प्टोथेसिनपासून वाचवले. पदार्थ, मात्रा, औषध आणि गाठीचा प्रकार बदलला की उत्तर बदलते. म्हणून तर अंदाजाने घेण्याची ही गोष्ट नव्हे.

अशा निबंधांची पारख करायची असेल तर गाठीखालोखाल मात्रा पाहावी. मोठ्या उंदराला, म्हणजे रॅटला दिलेली प्रतिकिलो मात्रा माणसासाठी साधारण ६.२ने भागायची असते आणि छोट्या उंदराची, म्हणजे माउसची १२.३ने. रॅटला २०० मि.ग्रॅ. प्रतिकिलो कुरक्युमिन दिले असेल तर ६० किलोच्या माणसाला ते रोज सुमारे १.९ ग्रॅम पडते. हळदीच्या पुडीत कुरक्युमिन सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे साठ ग्रॅमहून जास्त पूड झाली. हा आहाराचा विषय राहिलाच नाही, ही औषधाची मात्रा आहे. मग पदार्थ कोणत्या मार्गाने दिला ते पाहावे. अनेक प्रयोगांत अर्क पोटाच्या पोकळीत सुईने टोचतात, त्यामुळे आतड्यांचा अडथळा येतच नाही. अर्क कधी सुरू केला तेही पाहावे, कारण बऱ्याचदा तो केमोच्या कितीतरी दिवस आधीपासून देतात. कित्येक प्रयोगांत केमोचा एकच मोठा डोस असतो. माणसाला तो आठवड्यांच्या अंतराने आवर्तनांत मिळतो. आणि मॅलॉनडायअल्डिहाइड मोजायची थायोबार्बिट्युरिक आम्लाची स्वस्त पद्धत इतर अनेक पदार्थांनाही रंग देते, त्यामुळे तेवढ्यावर मेंदू वाचल्याचा निर्वाळा देता येत नाही. पाण्यातल्या चाचणीचीही हीच गत. केमोने खंगलेला उंदीर हळू पोहतो आणि त्याची गणना विसराळूपणात होऊ शकते. पोहण्याचा वेग वेगळा नोंदवला नसेल तर तो निष्कर्ष बाजूला ठेवलेला बरा.

माणसांत काय झाले? ज्याची सर्वांत नीट परीक्षा झाली तो अर्क जिन्को या झाडाच्या पानांचा. स्तनाच्या कर्करोगाची केमो घेणाऱ्या २१० स्त्रियांवरची, प्लासिबोशी (औषध नसलेल्या गोळीशी) तुलना करणारी चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. मात्रा होती दिवसातून दोनदा ६० मि.ग्रॅ. आकलनशक्तीत काही फरक पडला नाही. उंदरांत आशादायक ठरलेला, मेंदूसाठीच गाजलेला पदार्थ माणसात जागच्या जागी राहिला. वनस्पतीचा नसला तरी ॲसिटिल-एल-कार्निटिनचा धडा याहून कडू आहे. टॅक्सेन गटातील (पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल) केमो-औषधांमुळे हातापायांना येणाऱ्या मुंग्या टाळण्यासाठी ते रोज ३ ग्रॅम, २४ आठवडे, ४०९ स्त्रियांवरील चाचणीत दिले गेले. प्राण्यांतले निकाल उत्तम होते. पण २०१३ साली हाती आलेल्या निकालात कार्निटिन घेणाऱ्यांची चेतातंतूंची तक्रार प्लासिबोपेक्षा वाढलेली निघाली. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो असा.

गाठीच्या बाजूचा पुरावा थोडाच आहे, पण निश्चिंत करणारा नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड आणि पॅक्लिटॅक्सेल घेणाऱ्या ११३४ रुग्णांना पूरक गोळ्यांविषयी विचारले होते. केमोच्या आधीपासून आणि केमो चालू असतानाही अ, क, ई जीवनसत्त्वे, कॅरोटिनॉइड किंवा कोएन्झाइम क्यू-१० घेणाऱ्यांत रोग उलटण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांनी जास्त दिसले. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास होता, असे रुग्ण कमी होते आणि हा फरक योगायोगानेही पडला असण्याची शक्यता पुरती मिटत नाही. कोणी तो ‘गोळ्यांनी कर्करोग परततो’ याचा पुरावा म्हणून मांडला तर ते खोटे होईल. पण ‘गोळ्या निरुपद्रवी आहेत’ असे म्हणण्याचा हक्क मात्र या आकड्याने नक्कीच काढून घेतला.

मुक्त मूलकांशी काहीही संबंध नसलेले धोके तर चर्चेत येतच नाहीत. कुरक्युमिन शोषले जात नाही म्हणून त्यात पिपेरिन हा मिरीतला पदार्थ घालतात. १९९८ साली निरोगी माणसांवर झालेल्या प्रयोगात २ ग्रॅम कुरक्युमिनसोबत २० मि.ग्रॅ. पिपेरिन दिल्यावर रक्तातले प्रमाण सुमारे वीसपट झाले, आणि तेव्हापासून ही जोडी डब्यावर मिरवते. पण पिपेरिन हे करते कसे? पदार्थ निकामी करून बाहेर घालवण्याची शरीराची यंत्रणा मंदावून. प्रयोगशाळेत ते सीवायपी३ए४ हे विकर आणि पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप या दोन्हींना अडवते. डोसिटॅक्सेलचा निचरा याच विकरावर अवलंबून असतो. आणि पी-ग्लायकोप्रोटीन रक्त-मेंदू अडसरावर बसून डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल यांसारख्या औषधांना परत रक्तात ढकलत असते. ते खरोखर मंदावले तर मेंदूसाठी घेतलेली कॅप्सूल मेंदूचीच राखण ढिली करील. माणसात हे किती प्रमाणात घडते हा वेगळा प्रश्न, पण तो विचारल्याशिवाय ‘पिपेरिनयुक्त’ हे गुणविशेषण कसे ठरते?

बाकीची उदाहरणे थोडक्यात. हिरव्या चहातील ईजीसीजी हे पॉलिफिनॉल बोर्टेझोमिब या कर्करोगाच्या औषधाच्या रेणूतल्या बोरॉनच्या भागाला चिकटून त्याला निष्प्रभ करते, असे २००९ साली पेशी आणि उंदीर दोन्हींत दिसले. सेंट जॉन्स वर्ट या नैराश्यावर घेतल्या जाणाऱ्या वनस्पतीने इरिनोटेकान या केमो-औषधाच्या सक्रिय रूपाची रक्तातली मात्रा ४२ टक्क्यांनी उतरवली, तीही माणसांत. जिन्कोसारखे अर्क रक्तस्रावाचा धोका वाढवू शकतात, आणि केमोत प्लेटलेट आधीच कमी झालेल्या असतात.

मग रक्षण करायचेच नाही का? करायचे, आणि ते कसे करतात याचे नमुने समोर आहेत. डॉक्सोरुबिसिनपासून हृदयाला वाचवणारे डेक्सराझोक्सेन एका चाचणीत तपासताना गाठ आक्रसण्याचे प्रमाण ६०.५ टक्क्यांवरून ४६.८ वर आलेले दिसले. म्हणून स्तनाच्या कर्करोगात डॉक्सोरुबिसिनची एकूण मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ३०० मि.ग्रॅ. झाल्यावरच ते सुरू करायचे, असे बंधन आले. नंतरच्या एकत्रित विश्लेषणांत ती भीती बरीच निवळली. पण ती तपासली गेली म्हणून निवळली.

सोडियम थायोसल्फेटचे उदाहरण याहून बोलके आहे. सिस्प्लॅटिनने लहान मुलांची श्रवणशक्ती जाते. थायोसल्फेट सिस्प्लॅटिनला बांधून टाकते, म्हणून दोन्ही एकत्र देण्याचा प्रश्नच नव्हता. ते सिस्प्लॅटिन संपल्यावर सहा तासांनी द्यायचे ठरले, म्हणजे तोवर गाठीवरचे काम उरकलेले असेल. यकृताच्या हेपॅटोब्लास्टोमा या कर्करोगात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऐकू न येण्याचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ वर आले आणि जगण्याच्या प्रमाणात घट झाली नाही. दुसऱ्या एका चाचणीत मात्र रोग शरीरभर पसरलेल्या मुलांचे पाहिले तर तीन वर्षे जगण्याचे प्रमाण थायोसल्फेटविना ८४ टक्के, तर थायोसल्फेटसह ४५ टक्के निघाले. हा हिशेब मागाहून केलेला होता, तरी तो गंभीरपणे घेतला गेला. २०२२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परवानगी दिली ती रोग न पसरलेल्या, एका जागी असलेल्या गाठींपुरतीच. तेच रसायन एका मुलाचे कान वाचवते आणि दुसऱ्याच्या जिवावर उठू शकते. वनस्पतीच्या अर्काला या परीक्षेतून सूट का द्यायची, याचे पटणारे कारण मला अजून कोणी दिलेले नाही.

‘नैसर्गिक आहे’ हे ते कारण नव्हे. पॅक्लिटॅक्सेल यू वृक्षाच्या सालीतून आले, व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतून. ‘पेटंट मिळत नाही म्हणून चाचण्यांना पैसा मिळत नाही’ हा युक्तिवाद अधिक वजनदार आहे आणि काही अंशी खराही आहे. पण जिन्कोची चाचणी सार्वजनिक पैशातून झाली, आणि विशिष्ट पद्धतीने बनवलेल्या अर्कांवर पेटंटे घेतलीही जातात. जाहिरातीला पैसा आहे आणि चाचणीला नाही, हे रडगाणे किती काळ ऐकायचे? ‘आहारातून तर हेच पोटात जाते’ हा तिसरा मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच इथे आक्षेप आहाराला नाही. फळे, भाज्या आणि मसाल्यांतून मिळणारी मात्रा सहसा कितीतरी पटींनी लहान असते, आणि भूक मेलेल्या रुग्णाच्या ताटातून पदार्थ काढून घेणे हा उलटा अपाय होईल. अपवाद ग्रेपफ्रूटसारख्या मोजक्या गोष्टींचा, आणि तो औषधानुसार ठरतो.

डॉक्टरांचा दोषही कमी नाही. ‘काही वेगळे घेऊ नका’ एवढे बजावून विषय संपवला की रुग्ण घेणे थांबवत नाही, फक्त सांगणे थांबवतो. प्रत्येक आवर्तनाआधी थेट विचारावे: कोणता अर्क, किती मि.ग्रॅ., त्यात पिपेरिन आहे का, शेवटचा कधी घेतला. डबाच आणायला सांगावा, कारण ‘मेंदूसाठीची कॅप्सूल’ या नावाखाली पाच-सहा अर्क एकत्र असतात. फक्त केमोच्या दिवशी गोळी टाळणे पुरेसे नाही, हेही समजावून सांगावे. डॉक्सोरुबिसिनचा अंतिम अर्धायुकाल, म्हणजे शेवटच्या टप्प्यात रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ, २० ते ४८ तासांचा आहे आणि एनआरएफ-२ने वाढवलेली विकरे गोळी बंद झाल्याबरोबर नाहीशी होत नाहीत. आणि तक्रारीवर आज जे करता येते ते करावे: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासणे, गुंगीच्या औषधांची यादी छाटणे, झोप आणि नैराश्य यांवर उपचार करणे, झेपेल तेवढा नियमित व्यायाम करवून घेणे. संगणकावर घरी करायच्या १५ आठवड्यांच्या आकलन-सरावाने रुग्णांना स्वतःला जाणवणारी तक्रार कमी झाली, हे २४२ रुग्णांच्या चाचणीत २०१७ साली दिसले आहे.

संशोधकांकडे मागणी साधी आहे. गाठ नसलेल्या प्राण्यावरच्या निबंधात रुग्णांच्या उपयोगाचे वाक्य संपादकांनी छापू नये. गाठ असलेल्या, शक्यतो मध्यमवयीन मादी प्राण्यांत, तोंडावाटे अर्क आणि आवर्तनांत केमो देऊन, मेंदू आणि गाठ दोन्ही मोजावेत. रक्तात केमोचे प्रमाण बदलले का तेही पाहावे. माणसांत शब्द आठवण्याची, अंक-अक्षरे क्रमाने जोडण्याची आणि शब्दओघाची अशा ज्या तीन चाचण्या कर्करोग आणि आकलनशक्ती यांवरील आंतरराष्ट्रीय कृतिगटाने २०११ साली सुचवल्या, त्या केमोच्या आधी एकदा घ्याव्यात. नाहीतर घट कशाशी ताडून पाहणार? आणि पहिली चाचणी केमो चालू असताना करू नये, ती संपल्यानंतर करावी. गाठीवर मारा चालू नसतो, औषधांशी गाठभेटही बरीच टळते आणि तक्रार तर महिनोन्‌महिने टिकलेली असतेच. तेव्हाही रोग उलटतो का याची नोंद निदान पाच वर्षे ठेवावी, आणि निकाल नकारार्थी आला तर तो जिन्कोचा छापला तसाच छापावा.